गाडीची नाडीपरीक्षा : वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर निवडताना

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडशी मराठी माणसाचे नाते आहे. रायपूरच्या तात्यापारा भागात आजही अनेक मराठी घरे नांदताना दिसतात. अशाच एका घराच्या दारात आजोबांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी उभी आहे, असे समजा. ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निघून गेली, पण या घरातली पद्मिनी अजून चालती आहे. दर रविवारी ती धुतली जाते आणि दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडतो.

पण गेल्या उन्हाळ्यापासून तिचे काहीतरी बिनसले आहे. चढावर ती दम टाकते. सिग्नलला थांबली की बंद पडते. भरधाव जाताना इंजिनातून टकटक ऐकू येते.

"प्लग काढून बघ," बाबा म्हणतात. "टोक तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काळे असेल तर पेट्रोल जास्त, पांढरे असेल तर कमी. चाळीस वर्षे मी असेच बघत आलो."

"बाबा, आता पेट्रोल ते राहिले नाही," इंजिनीअरिंग शिकणारा मुलगा सांगतो. "आपण वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवू या. मग अंदाज करायला नको."

दोघांचा वाद ऐकत बसलेली आई शेवटी विचारते, "त्याला पैसे किती लागणार? आणि तो बसवल्यावर गाडी दुरुस्त होणार का?"

खरे म्हणजे आईचाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. थर्मामीटर काखेत धरल्याने ताप उतरत नाही. पण ताप किती आहे हे कळल्याशिवाय औषधही ठरत नाही. वाइडबँड सेन्सरचे काम नेमके हेच आहे. तो गाडी दुरुस्त करत नाही, इंजिनाच्या आत काय चालले आहे ते सांगतो. आणि तो जे सांगतो त्याचा अर्थ लावता आला नाही, तर चांगली चालणारी गाडीही बिघडू शकते.

आमटीतले मीठ

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा आणि इंधन यांचे प्रमाण असे नेमके जुळले की त्या स्थितीला 'लॅम्डा १' म्हणतात. लॅम्डा हे ग्रीक अक्षर. आकडा एकाहून कमी म्हणजे इंधन जास्त. मेकॅनिकच्या भाषेत गाडी 'रिच' चालते आहे. एकाहून जास्त म्हणजे हवा जास्त, गाडी 'लीन' चालते आहे.

रिच गाडी पेट्रोल पिते, काळा धूर सोडते आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. जोराने चालवताना गाडी लीन झाली तर धोका अधिक मोठा असतो. इंजिन तापते, ठोके येऊ लागतात आणि शेवटी पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. रिच गाडी खिशाला चाट लावते, लीन गाडी इंजिनच खाते.

धुराच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर जळून उरलेला ऑक्सिजन हुंगतो. जर्मनीच्या बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्व्होच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांत प्रथम आला. त्यात झिरकोनिया या सिरॅमिकची गरम कांडी असते. तिच्या एका बाजूला धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असते. दोन्हींतील ऑक्सिजनच्या फरकामुळे अगदी थोडी वीज निर्माण होते. मिश्रण रिच असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, लीन असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट.

या साध्या सेन्सरला 'नॅरोबँड' म्हणतात. आमटी चाखून फक्त "मीठ जास्त" किंवा "मीठ कमी" एवढेच सांगणाऱ्या पाहुण्यासारखा तो असतो. किती जास्त, किती कमी, हे त्याला सांगता येत नाही. कारखान्याने बसवलेल्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला तेवढे पुरते. तिचा संगणक "जास्त" ऐकले की पेट्रोल थोडे कमी करतो, "कमी" ऐकले की थोडे वाढवतो, आणि एकाच्या आसपास तोल सांभाळतो.

पण इंजिन ट्यून करणाऱ्याला "किती" हे कळावे लागते. त्यासाठी वाइडबँड सेन्सर. त्यात झिरकोनियाच्या कांडीला जोडून एक सूक्ष्म पंप असतो. तो विजेच्या जोरावर ऑक्सिजन आत ओढतो किंवा बाहेर काढतो आणि आतल्या चिमुकल्या पोकळीतले प्रमाण सतत लॅम्डा १ ला धरून ठेवतो. त्यासाठी किती वीज लागली, यावरून मिश्रण किती रिच किंवा किती लीन ते कळते. होंडाने १९९२ मध्ये अमेरिकेतील एका सिव्हिक मॉडेलमध्ये अशा प्रकारचा सेन्सर वापरला. पुढे १९९० च्या दशकातच बॉशनेही असे सेन्सर बाजारात आणले.

हा प्रश्न आताच का?

आजोबांची पद्मिनी इतकी वर्षे सेन्सरशिवाय चालली, मग आताच त्याची आठवण का व्हावी?

पहिले कारण पेट्रोल पंपावर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, म्हणजे ई-२० ची, विक्री सुरू झाली. २०२५ पर्यंत ते देशभर सर्रास मिळू लागले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे एक किलो इथेनॉलला जळायला सुमारे ९ किलोच हवा पुरते. २० टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर एक किलो ई-२० ला १४.७ नव्हे, सुमारे १३.५ किलो हवा लागते.

कार्बोरेटरला यातले काहीच कळत नाही. त्यातल्या जेटचे भोक जेवढे आहे तेवढेच इंधन तो देतो. शुद्ध पेट्रोलवर नेमके लॅम्डा १ वर लावलेले इंजिन त्याच वजनाच्या ई-२० वर सुमारे १.०९ वर जाते. म्हणजे जवळजवळ नऊ टक्के लीन! जुन्या गाडीचा दम जाणे आणि ठोके येणे यामागे हे एक कारण असू शकते.

दुसरे कारण रायपूरच्या उन्हाळ्यात आहे. येथे मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो, तर जानेवारीच्या पहाटे १२-१३ अंशांवर उतरतो. उन्हाळ्याची हवा थंडीच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के विरळ असते. कार्बोरेटर तेवढ्या प्रमाणात इंधन घटवू शकत नाही, म्हणून उन्हाळ्यात गाडी थोडी रिच होते. सरगुजाकडे मैनपाटसारख्या उंच पठारावर गेले तरी हाच परिणाम दिसतो. म्हणजे नवे पेट्रोल गाडीला लीन करते, ऊन तिला रिच करते. नुसत्या अंदाजाने हा गुंता कसा सुटणार?

बाबांचा प्लग बघण्याचा अनुभव खोटा नाही. पण शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात प्लगवर जसा ठळक रंग चढत असे, तसा शिसेविरहित पेट्रोलवर चढत नाही. देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बाद झाले. शिवाय प्लग सरासरी सांगतो. घाटाच्या कोणत्या वळणावर गाडी लीन झाली, हे तो सांगू शकत नाही.

कोणाला हवा, कोणाला नको?

सर्वप्रथम हे ठरवा. घरातली गाडी फ्युएल इंजेक्शनची असेल, कारखान्यातून आली तशीच असेल आणि रोजच्या जाण्यायेण्यासाठीच वापरली जात असेल, तर वेगळा वाइडबँड सेन्सर घेण्याचे काही कारण नाही. तिचा संगणक आपले काम करतो आहे. शंका आली तर गॅरेजमध्ये स्कॅनर लावून 'फ्युएल ट्रिम' बघायला सांगा. संगणक पेट्रोलमध्ये किती टक्के वाढ किंवा घट करतो आहे, ते त्यावर दिसते. हा आकडा सतत दहा टक्क्यांच्या पलीकडे असेल तर कुठेतरी हवा गळते आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा जुना सेन्सर थकला आहे, असे समजावे.

वाइडबँडची खरी गरज आहे ती जुनी कार्बोरेटरची गाडी नव्या इंधनावर नीट लावणाऱ्याला, इंजिन उघडून पुन्हा बांधणाऱ्याला आणि कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर शर्यतीत उतरणाऱ्याला.

एक स्वस्त पायरी मात्र आधी चढून बघावी. पीयूसीची चिठ्ठी आपण खिशात घालतो आणि विसरतो. तिच्यावर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी छापलेली असते. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना ३ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. हा आकडा मर्यादेच्या जवळ किंवा पलीकडे असेल, तर गाडी उभी असताना रिच चालते आहे, हे फुकटात कळले! पण पीयूसी तपासणी गाडी उभी असतानाच होते. चढावर, भारासह, वेगात काय होते ते तिच्यातून कळत नाही. तेथे सेन्सरच हवा.

निवडताना काय बघावे?

नुसता सेन्सर विकत आणून भागत नाही. सेन्सर, त्याला चालवणारा कंट्रोलर आणि आकडा दाखवणारे मीटर, असे तिघे मिळून संच होतो. इनोव्हेट, एईएम अशा अमेरिकी कंपन्यांचे तयार संच या क्षेत्रात परिचित आहेत. पण नावापेक्षा पुढच्या गोष्टी बघा.

एक, सेन्सरचा क्रमांक. बॉशचे एलएसयू ४.२ आणि एलएसयू ४.९ हे दोन प्रकार सर्वाधिक आढळतात. ४.२ हा जुना. तुलनेसाठी तो वायरमधून आत येणाऱ्या बाहेरच्या हवेवर अवलंबून असतो. त्यामुळे वायर आणि जोड यांना तेल-चिखल लागला की त्याचा आकडा हलतो आणि त्याला अधूनमधून मोकळ्या हवेत धरून जुळवून घ्यावे लागते. ४.९ हा तुलनेची हवा स्वतःच तयार करतो, म्हणून अधिक काळ स्थिर राहतो. आज नवा संच घ्यायचा तर ४.९ चाच घ्यावा.

दोन, जोडी. ४.२ चा कंट्रोलर ४.९ ला चालत नाही आणि ४.९ चा ४.२ ला चालत नाही. दोघांचे आतील तापमान राखण्याचे गणित वेगळे आहे. "चालतंय की, प्लग बसला म्हणजे झालं" असे सांगणाऱ्या दुकानदारापासून दूर राहा.

तीन, कनेक्टर. या सेन्सरच्या प्लगमध्ये एक चिमुकला रोधक दडलेला असतो. प्रत्येक सेन्सर दुसऱ्याहून किंचित वेगळा असतो आणि तो फरक या रोधकात नोंदलेला असतो. वायर लांब करायची म्हणून प्लग कापून फेकला, की सेन्सरची ओळखच हरवली!

चार, अस्सलपणा. बॉशच्या नावाने बनावट सेन्सरही विकले जातात. फारच स्वस्त दिसला तर थांबा. अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर घ्या.

पाच, नोंद ठेवण्याची सोय. गाडी चालवणाऱ्याने रस्त्यावर बघायचे की मीटरवर? कंट्रोलरमधून संगणकाला जोड देता आली, तर सगळे आकडे साठवून घरी निवांत बघता येतात. तशी सोय नसेल तर शेजारी बसलेल्याने वहीत लिहावे. चालवणाऱ्याने मीटरकडे टक लावून बसणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

१४.७ चा चकवा

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिथेच भले भले फसतात.

अनेक मीटर लॅम्डा दाखवत नाहीत. ते १४.७, १३.२ असे हवा-इंधनाचे प्रमाण दाखवतात. पण सेन्सरला तुमच्या टाकीत काय आहे ते माहीत नसते. तो फक्त उरलेला ऑक्सिजन बघतो आणि लॅम्डा ठरवतो. मीटर त्या लॅम्डाला सरळ १४.७ ने गुणून आकडा दाखवते.

आता आपल्या घरातल्या मुलाने कुठेतरी वाचले, "ई-२० ला १३.५ प्रमाण लागते." त्याने मीटरवर १३.५ येईपर्यंत पेट्रोल वाढवले. त्याच्या मते गाडी अचूक लागली. प्रत्यक्षात १३.५ ला १४.७ ने भागले तर लॅम्डा येतो ०.९२. म्हणजे गाडी आठ टक्के रिच! महागडा सेन्सर बसवूनही पेट्रोल वाया जाणार, आणि दोष दिला जाणार इथेनॉलला.

टाकीत ई-२० असताना इंजिन नेमके लॅम्डा १ वर असेल, तर असे मीटर १४.७ च दाखवेल. म्हणून मीटर घेताना एकच अट घाला, ते लॅम्डा दाखवणारे असावे, किंवा त्यात तशी निवड करता यावी. पेट्रोल असो, ई-२० असो, सीएनजी असो, नेमक्या मिश्रणाचा लॅम्डा नेहमी एकच असतो.

मग आकडा किती ठेवावा? प्रत्येक इंजिनाचा स्वभाव वेगळा, तरी साधारण अंदाज असा. सपाट रस्त्यावर सावकाश जाताना १ च्या आसपास. पूर्ण ऍक्सिलरेटर दाबून चढ चढताना ०.८५ ते ०.९०, कारण तेव्हा थोडे जास्तीचे पेट्रोल इंजिनाला थंडही ठेवते. जगदलपूरच्या वाटेवरचा केशकालचा घाट चढताना आकडा १ च्या वर जात असेल, तर गाडी तशीच रेटू नका. मोठा जेट बसवण्याची वेळ आली आहे, असे समजा.

बसवताना आणि वापरताना

सेन्सरसाठी धुराच्या नळीवर आट्यांची कडी वेल्ड करावी लागते. चारही सिलिंडरचा धूर जेथे एकत्र येतो त्याच्या पुढे, इंजिनापासून सुमारे दोन फुटांवर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याच्या आधी. सेन्सर नळीच्या खालून बसवू नये. तो वरच्या अंगाने, आडव्या रेषेपासून निदान दहा अंश तिरपा असावा. नाही तर सकाळी नळीत साठलेले पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडून ते तडकते.

नळीला आधीच्या भागात भोक किंवा सैल जोड असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि मीटर खोटेच "लीन" सांगते. प्लग मिस होत असेल तरीही तसेच होते, कारण न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो. म्हणून आधी प्लग, पॉइंट, टायमिंग आणि गळती नीट करावी, मगच आकड्यावर विश्वास ठेवावा. बाबांचा अनुभव येथे कामी येतो!

सेन्सर तापवायला वीज लागते. डायनामोच्या जुन्या गाडीत बॅटरी आणि चार्जिंग आधी तपासून घ्या. नळीत सेन्सर आहे आणि त्याला वीज मात्र दिलेली नाही, अशा स्थितीत इंजिन चालवले तर त्यावर काजळी बसून तो वाया जातो. सिलिकॉनचा लेप, सिलिंडरमध्ये गळणारे कूलंट आणि ऑइल जाळणारे इंजिन हेही त्याचे शत्रू आहेत.

आणि घरासाठी एक कळकळीची सूचना. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ट्यूनिंग कधीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. मुलांनाही जवळ खेळू देऊ नका.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केले. ट्यूनिंगच्या नावाखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे म्हणजे कायदा तर मोडणेच, शिवाय पोलाद आणि स्पंज आयर्नच्या कारखान्यांनी आधीच काळवंडलेल्या रायपूरच्या हवेत भर घालणे. सेन्सर हा मोजण्यासाठी आहे, धूर वाढवण्यासाठी नाही.

आईचा तोडगा

सेन्सरला एक गोष्ट मात्र कळत नाही. इथेनॉल जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा हळूहळू खराब करते. १ एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत त्याला टिकणारे साहित्य वापरले गेले, पद्मिनीत नाही. म्हणून पहिला खर्च इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या नळ्यांवर करावा. पेट्रोल गळणारी गाडी कितीही अचूक ट्यून केली तरी ती आगीचे घरच.

राहिला पैशाचा प्रश्न. गाडी एकदा लागली की सेन्सर रोज लागत नाही. तो काढून नळीच्या भोकाला आट्यांचे बूच बसवता येते. मग एका गाडीसाठी अख्खा संच विकत घेण्यापेक्षा ज्या गॅरेजमध्ये तो आहे तेथे एक दिवस गाडी नेणे, किंवा जुन्या गाड्यांच्या चार-पाच हौशी मालकांनी मिळून एक संच घेणे शहाणपणाचे. घरच्या गाडीला लागते ती फक्त वेल्ड केलेली एक कडी आणि एक बूच.

आईने सुचवला तो तोडगाही असाच असणार, कारण घरखर्चाचा तोल तिच्या हाती असतो. मग एखाद्या रविवारी पद्मिनी रायपूरबाहेरच्या रस्त्यावर निघेल. बाबा चाकावर असतील, मुलगा शेजारी वही घेऊन लॅम्डा टिपत असेल. घरी परतल्यावर बाबा प्लग काढून बघतील. मुलाचे आकडे आणि बाबांचा प्लग एकच गोष्ट सांगत असतील, तर समजावे, गाडी लागली.